‘तंबाखू एकदम सोडू नका’ म्हणे!

जळगाव-धुळ्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, जुनी सवय एकदम सोडली की हृदय बंद पडतं, चुन्यातून कॅल्शियम मिळतं, निकोटीन गम म्हणजे नवं व्यसन, आणि सरकारी तंबाखूमुक्ती केंद्रं म्हणजे पैशाचा चुराडा, मनात असलं की सुटते. तो वाचून आमच्या चोपड्याच्या मावशींनी बंद केलेली मशेरी पुन्हा काढली, म्हणून हे उत्तर.

हृदयाचं आधी. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. पहिल्या आठवड्यात जोर जास्त, दोन ते चार आठवड्यांत उतरतो. त्रास खरा, पण जीव जात नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. ते तिथलं उचलून इथे चिकटवलेलं दिसतं. नाडी आणि रक्तदाब वाढवतं ते तंबाखूतलं निकोटीनच.

चुन्याने निकोटीन गालातून भराभर रक्तात उतरतं, वर गालही भाजतो. कॅल्शियमसाठी नागलीची भाकरी खा ना भो!

आता गम, म्हणजे तंबाखू सोडताना तलफ भागवायला थोडं निकोटीन देणारी चघळायची गोळी. लोक तो चिंगमसारखा चघळतात, रस गिळतात, मग उचकी, मळमळ, आणि ‘हे तर विष’ म्हणून फेकून देतात. तो हळू चावायचा, चुरचुर लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा बंद. चहाने तोंडात आंबटपणा येतो आणि निकोटीन शोषलंच जात नाही. आपल्याकडे निम्मा घोळ इथेच. सुरुवातीला तलफेची वाट न बघता दर एक-दोन तासांनी, मग कमी करत साधारण १२ आठवड्यांत बंद. उठल्या उठल्या बार (चुना-तंबाखूची चिमूट) लागणाऱ्याला २ मिलिग्रॅमचा पुरत नाही. ४ चा डॉक्टरांना विचारून. एक मात्र मान्य: गमचा भक्कम पुरावा विडी-सिगारेटवाल्यांतला आहे.

‘मनात असलं की सुटते.’ सुटते, काहींची. मदतीशिवाय सिगारेट सोडणाऱ्या १०० जणांत वर्षभर टिकतात जेमतेम ३ ते ५. आणि २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर खाणारे-लावणारे २४.४ टक्के. राज्याचा कार्यक्रम बार आणि मशेरीभोवतीच उभा राहायला हवा.

केंद्र लांब पडतं, हे खरं. धडगावच्या माणसाने नंदुरबारला दर आठवड्याला जायचं म्हणजे मजुरी बुडवायची. पण त्यावर उपाय केंद्र बंद करणं नाही. गम प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा. आशाताईंनी सोडायची तारीख लिहून घ्यावी आणि तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी विचारपूस करावी, जमलं तर अहिराणीत किंवा भिलीत. थेट महिन्याने विचारलं तर गडी तोवर टपरीवर असतो.

तोपर्यंत तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहेच. २०१८ पासून पुडीवरच छापतात, चित्राखाली.