ऊन, पण मोजून

सोरायसिसवाल्या माणसाची कातडी भलतीच कामसू असते. इतरांच्या त्वचेला खालची नवी पेशी वर आणून जुनी टाकायला साधारण महिना लागतो, आमची तेच काम तीन-चार दिवसांत उरकते आणि मग कोपरावर, गुडघ्यावर त्या घाईचे पांढरे खवले साठत बसतात. माझ्या अख्ख्या देहात वेळेआधी काम संपवणारा हा एकच विभाग, आणि नेमका त्यालाच आळशी करायचं डॉक्टरांनी मनावर घेतलं. मलमं लावून झाली, मग ते म्हणाले, आता आपण लाइट सुरू करू.

हा लाइट म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे यूव्हीबी जातीच्या अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा. मशीन म्हणजे एक उभं कपाट, फरक इतकाच की आत हँगरच्या जागी आपण लटकायचं आणि चहूबाजूंनी पुरुषभर उंचीच्या ट्यूबा. आत जायच्या आधीचा सोपस्कार मोठा. सेंट नको, क्रीम नको, घड्याळ काढा, मोजे काढा, कपडे काढा, पण पुरुषांनी 'तेवढा भाग' झाकायचाच, आणि हे टेक्निशियन ताई ज्या सुरात सांगतात ना, त्या सुरात लोक लिफ्टमधे मजले सांगतात. मग डोळ्यांवर काळा गॉगल. म्हणजे अंगावर जेमतेम चड्डी, डोळ्यांवर गॉगल, हात वर धरलेले, आणि दाराबाहेरून आवाज, "हलू नका हं दादा." अहो कुठे हलू?

खटका पडतो, पंखा घरघरतो, निळसर उजेड पडल्याचं गॉगलच्या कडेतून जरासं कळतं. आता उभंच आहोत तर जरा आयुष्याचा विचार करू म्हणून मी पहिला मुद्दा काढतो न काढतो तोच परत खटका. झालं म्हणे. सुरुवातीला एक मिनिटसुद्धा देत नाहीत, कातडी किती सोसते ते बघत दर वेळी थोडं थोडं वाढवतात. कपडे काढण्या-घालण्यात त्याच्या दसपट वेळ गेलेला असतो. आणि हे आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. ऑफिसात रजा मागताना "पाऊण मिनिटाच्या ट्रीटमेंटला अर्धा दिवस?" असं विचारणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

त्याहून अवघड म्हणजे नातेवाईक. "एवढं उन्हासाठीच जायचं तर गच्चीत बस की!" हे प्रत्येक काकाचं म्हणणं. आता काकांना कसं सांगू की काका, उन्हातून आपल्यापर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीबी साधारण पाचेक टक्केच असतात, बाकी सगळं यूव्हीए. शिवाय 1981 साली पॅरिश आणि जेनिक या संशोधकांनी एकेक तरंगलांबी वेगळी काढून चट्ट्यांवर मारून बघितली, तर 290 नॅनोमीटर आणि त्याखालचे किरण कातडी लाल करतात पण चट्ट्याला ढिम्म फरक नाही, गुण येतो तो 300 ते 313 च्या आसपास. म्हणून या ट्यूबा 311 च्या आगेमागेच उजेड देतात. काका शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "मग खिडकीत बस." खिडकीची काच यूव्हीबी जवळपास सगळे अडवते हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण काकू आत आल्या आणि त्यांनी विषय गच्चीवरच्या टाकीकडे वळवला, देव त्यांचं भलं करो.

तसं पाहिलं तर आपलं बरंच बरं चाललंय. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला 1903 चं नोबेल मिळालं ते त्वचेचा टीबी प्रकाशाने बरा करण्यासाठी. त्याच्या पद्धतीत कार्बन आर्कचा दिवा, क्वार्ट्झची भिंगं, भाजू नये म्हणून वाहतं पाणी आणि शेजारी एक नर्स, जी रोग्याच्या गालावर भिंग दाबून धरायची, कारण रक्त बाजूला सरलं की किरण आत खोल जातात. एका छोट्याशा ठिपक्यासाठी तासभर! तासभर कुणीतरी गाल दाबून बसलंय म्हटल्यावर माझं कपाट मला एकदम राजेशाही वाटायला लागलं.

मधेच एका मावसभावाने प्रेमाने एलईडीचा मास्क आणून दिला, तो तोंडाला बांधायचा, लाल-निळे दिवे लागतात आणि घरातलं लहान पोर रडायला लागतं. निळा उजेड 415 नॅनोमीटरचा, मुरुमांच्या जंतूंमधे पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं त्याच्यावर तो काम करतो, मुरुमवाल्यांसाठी ठीकच आहे. पण माझे चट्टे गुडघ्यावर. गुडघ्याला नाकाडोळ्यांची भोकं असलेला मास्क बांधून मी एकदा टीव्ही बघितला, मावसभावाचा मान म्हणून.

खरी करमणूक मात्र बाहेरच्या बाकावर. तिथे वय, पगार, हुद्दा कुणी विचारत नाही, "तुमचं किती झालं?" एवढंच. किती म्हणजे डोस. सेकंदवाले कोपऱ्यात गप्प, दोन मिनिटंवाले पाय पसरून, आणि चार मिनिटांच्या पुढे गेलेले एक आजोबा तर नव्यांना खोबरेल कधी लावायचं यावर व्याख्यान देतात. यात धोका एकच, खाडा. आठ-दहा दिवस चुकले की डोस खाली, महिनाभर गायब झालात की परत पहिल्यापासून. परवा आजोबा मुलीकडे लांब मुक्काम ठोकून परतले, आत गेले आणि आम्ही आरामात गप्पा काढतोय तोवर बाहेरसुद्धा आले. कुणी काही विचारलं नाही. त्यांनीच शर्टाची बटणं लावता लावता सांगितलं, "मशीन बिघडलंय."