शाल, श्रीफळ आणि माईक

शेजारीण चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गाते, तिने जवळजवळ ओढूनच नेलं म्हणून परवा आम्ही दोघं तिथल्या कॉन्सर्टला गेलो. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो, अटलांटात असे कार्यक्रम जागोजागी होतात, हा एरियातल्या पाच कृष्णवर्णीय बायकांच्या सन्मानाचा होता. सगळ्या साठी-सत्तरीच्या. कोणी दारोदार फिरून मतदार नोंदणी करतं, कोणी तळघरात गरजूंना फुकट अन्न देणारी फूड पॅन्ट्री चालवतं.

मला वाटलं आपल्यासारखंच असणार, शाल श्रीफळ फोटो आणि चला पुढचे. पण इथे प्रत्येकीच्या हातात आधी माईक, हवं ते हवं तितका वेळ बोला, आणि मग क्वायर तिच्या आवडीचं गाणं गाणार. पॅन्ट्रीवाल्या बाईंनी तर आभारबिभार काही नाही, थेट विचारलं, फ्रीजर बंद पडलाय, कोण येतंय दुरुस्त करायला, आत्ताच हात वर करा!

हसले सगळे, पण मला 28 ऑगस्ट 1963 चा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा मोर्चा आठवला. मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण आपल्याला शाळेपासून माहीत, पण त्या दिवशी मुख्य वक्त्यांच्या यादीत एकही बाई नव्हती हे मला फार उशिरा कळलं. बायकांनी आधीच तक्रार केली होती, तर त्यावर तोडगा काय, त्यांच्यासाठी एक 'ट्रिब्यूट'! बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स वगैरेंची नावं घ्यायची, त्यांनी उभं राहायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. चळवळीतल्या कार्यकर्त्या डेझी बेट्स जेमतेम मिनिटभर बोलल्या. महालिया जॅक्सन गायल्या मात्र. म्हणजे बाईने गायलेलं चालतं, बोललेलं नाही. सन्मान करून गप्प बसवणं आपल्यालाही चांगलं जमतं म्हणा.

आणि कामं कोणी केली होती? अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार 381 दिवस चालला, त्यात जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण होती. कोर्टात साक्ष दिली म्हणून नोकरी गेली, मग घरीच रांधायला लागली. तिचा बायकांचा ग्रुप चिकन, केक, 'पाय' (pie) विकून दर आठवड्याला चळवळीला पैसे आणून द्यायचा. ग्रुपचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', कारण पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर तयार, कुठूनच नाही! विकत घेणाऱ्यांवर बालंट येऊ नये म्हणून ही युक्ती. पॅन्ट्रीवाल्या बाई मला याच घराण्यातल्या वाटल्या.

एक खटकलं ते लिहितेच. जोतीरावांनी 1873 मध्ये पुण्यात बसून 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्यांना अर्पण केली, आणि आपण मराठी मंडळी इथे वर्षानुवर्षं राहून दोन गल्ल्या पलीकडच्या चर्चमध्ये पाय ठेवत नाही. मी स्वतः अकरा वर्षांनी गेले, तेही ओढून नेल्यावर.

फ्रीजरसाठी तीन हात वर झाले. त्यातला एक आमच्या ह्यांचा, ज्यांना घरचा मिक्सर उघडता येत नाही. शनिवारी सकाळी नऊला जायचंय, आत्ता यूट्यूबवर व्हिडिओ बघत बसलेत.