पुन्हा रीस्टार्ट!

जुनी व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला बसलो की विसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी, आणि साहेब नव्याने सुरू! ना निळी स्क्रीन, ना एरर. आपोआप रीस्टार्ट व्हायची टिक काढली, तरी तेच. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, म्हणतो, ‘कर्नल-पॉवर ४१’. म्हणजे मशीन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं. अरे, ते मलाही दिसलं की! रात्रभर रॅम तपासली, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअरं) बदलले, पंख्यातली धूळ फुंकून शिंकत बसलो. एरवी दिवसभर गुमान चालतो; कॅप्चरचं लाल बटण दाबलं की अंगात येतं. आता संशय पॉवर सप्लायवर. लोड वाढला की मान टाकतो मेला. आणि फाइल? अर्धवट, उघडतही नाही. पोरगं पहिलं पाऊल टाकायला उठतं, तेवढ्यात... चौथ्यांदा!