पाऊणकी आणि पाहुणे

गोव्यात घर असणं हा काही गुन्हा नाही, पण डिसेंबरात त्याची शिक्षा मात्र भोगावी लागते. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर गेला की फोन सुरू होतात. "काही नाही, सहज केला," अशी सुरुवात आणि "तुम्ही आमच्यासाठी काही करू नका हं, आम्ही आपले सुशेगात पडून राहू," असा शेवट. सुशेगात हा शब्द मी गोव्यात जन्म काढून एकदाही वापरलेला नाही. तो पुण्याहून येतो, बॅगांबरोबर.

यंदा आमच्या रायबंदरच्या घरात अकरा माणसं होती. चार आम्ही, चार मेव्हणीचं कुटुंब, मामेसासरे, मामेसासूबाई आणि भाच्याचा एक मित्र, ज्याचं नाव मला तो गेल्यावर कळलं. न्हाणीघर एक. साडूभाऊंना "अजिबात गर्दी नसलेला बीच" हवा होता, तोही डिसेंबरात, तोही कार थेट वाळूपर्यंत जाणारा. मामेसासऱ्यांना मंगेशी, शांतादुर्गा आणि वेळेवर चहा. मामेसासूबाई माशाच्या वासानेही उठून जायच्या आणि बाकीचे मासे खायलाच आलेले. म्हणून तवे दोन, उलथणी दोन, आणि दोन्हींमध्ये माझी बायको एकटी. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार आला की सगळं घर शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि साडूंचा चेहरा ओहोटीच्या खाजनासारखा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतासारखा. मेव्हणी मात्र झोपाळ्यावरून म्हणायची, "भावोजी, तुमचं बरंय. रोज सुट्टीच!"

अशा एका रात्री, हॉलमधल्या घोरण्याच्या जुगलबंदीत, मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. आजूबाजूला बर्फ, मध्ये झुळझुळता ओढा, आणि गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभा असलेला एक माणूस. ट्राउट धरत होता. तासाभरात तो एक शब्द बोलला नाही आणि त्याच्याशीही कोणी बोललं नाही. मला मासा दिसलाच नाही. मला फक्त ते न बोलणं दिसलं.

ट्राउट गोव्यात मिळणार नाही, एवढं मलाही कळतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो मासा कासावीस होतो, आणि आमच्याकडे जानेवारीत पहाटेची हवा वीस अंशांवर आली तरी माणसं कानटोप्या काढतात. आपल्या देशात त्याची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला आणली, तेव्हापासून तो पहाडातल्या थंड ओढ्यांत सुखाने नांदतोय. शिवाय हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ. म्हणजे डिसेंबरात त्या माशालासुद्धा कोणी त्रास द्यायचा नाही असा सरकारी नियम आहे. माझ्यासाठी नाही.

मी पणजीहून दीड हजाराची गरी आणली. आमच्याकडे गरी म्हणजे खरं तर नुसता गळ, पण काठी, रीळ, दोरी सगळ्याला मिळून गरीच म्हणतात. आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी. ती फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे लपवली, नाहीतर साडूंनी रव्यात घोळवली असती.

आता प्रश्न भरतीचा. आजोबांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतल्या होत्या. त्यातली पाऊणकी या वयात कामाला आली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसलो आणि निसर्गाची लबाडी ध्यानात आली. पाण्याला खरा जोर असतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पण तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे नेमकी अकरा पानं वाढायची वेळ. उलट घर झोपलेलं असताना, पहाटे सहाला भरती हवी तर अष्टमी. आणि अष्टमीला भांगाची भरती, पाणी मेल्या मनाने चढतं. चंद्र आणि सूर्यसुद्धा माझ्या सासरच्यांना सामील आहेत.

तरी अष्टमीचा रविवार गाठला. आमच्या दारापासून पणजीकडे जाणारा तो लांबलचक बांध पोर्तुगीजांनी १६३४ साली बांधला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. कठड्याजवळ पोचलो तेव्हा काळोख होता आणि तिथे आधीच नऊ-दहा माणसं ओळीने, हात-हातभर अंतर ठेवून बसलेली. कोणी मान वळवली नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खऱ्या घरी तसं वाटून पंधरवडा झाला होता.

सुंगट गळाला लावणं हे बघायला सोपं. शेपटीकडून टोचायचं, पाठीच्या वाकाबरोबर गळ फिरवत न्यायचा आणि टोक पोटाकडून जरासं बाहेर काढायचं. पहिलं सुंगट निसटून मांडवीत गेलं. दुसऱ्याच्या वेळी गळ माझ्याच बोटात गेला. तिसरं लागलं, टाकलं, आणि दोरीला चक्क ओढ बसली. रीळ फिरवलं तर वर आलं केंड, फुगणारा मासा. हाताच्या पंजाएवढं, पाठ ठिपक्यांची. कठड्यावर ठेवताच ते कुरकुरत फुगायला लागलं. फुगलं, आणखी फुगलं, पांढरं पोट टरारून पार चेंडू झालं आणि दोन गोल डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिलं. बिल वाटून घ्यायची वेळ आली की साडूभाऊ असेच होतात. केंड विषारी, खायचं नाही, म्हणून परत सोडलं. पुढची तीन आमिषं त्याच्या जातभाईंनी दोरीसकट कातरून नेली. पोपटाच्या चोचीसारखे दात असतात त्यांना. नाकासमोर शेवटे मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते, पण शेवट्याला सुंगटात रस नाही, तो चिखलातलं शेवाळ खाऊन राहतो. आणि चणक माशाला हवं जिवंत आमिष. म्हणजे इथेही खाण्याच्या तऱ्हा होत्याच.

शेजारी एक म्हातारे बाब होते. काठीबिठी काही नाही, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी. तासाभराने त्यांनी पाण्यावरची नजर न काढता विचारलं, "सोयरे आयल्यात?"

"सात," मी म्हटलं.

"आमगेर णव. मुंबयसावन."

त्यांच्या पलीकडच्याने नुसती पाच बोटं दाखवली. त्याच्या पलीकडच्याने दोन्ही हात वर केले. मी ती रांग पुन्हा एकदा नीट पाहिली. एकाचीही पिशवी ओली नव्हती.

तेवढ्यात फोन. "अहो, गॅस संपलाय." मग, "अहो, पोदेर आला, पाव किती घेऊ?" मग साडू, "काय मिळालं? चणक असेल तर तुकडे जाड करा." मी म्हटलं, "रेंज नाही," आणि फोन ठेवला. बाबांनी माझ्याकडे पहिल्यांदा कौतुकाने पाहिलं.

असे तीन रविवार गेले. तिथी कुठलीही असो, मी पहाटेच जायचो. पाऊणकी केव्हाच सोडून दिली होती. चौथ्या शनिवारी रात्री बायको ओट्यापाशी दुसरा तवा घासत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, ती गरी कुठे ठेवलीय?"

"का?"

"उद्या मी जाते."

"तुला सुंगट लावता येतं?"

तिने तवा जरा जोरात आपटला. मी गरी काढून दाराशी ठेवली, डब्यात मोजून दहा सुंगटं घातली.

रविवारी सकाळी मी अकरा जणांचे पोहे केले. त्यात कोणाला कांदा नको, कोणाला नारळ जास्त, आणि मामेसासऱ्यांचा चहा तीनदा परत आला. बायकोला चार फोन केले, रेंज नव्हती. दहा वाजता ती आली. केसांत वारा, चेहरा गेल्या महिन्याभरात पाहिला नव्हता इतका निवांत. पिशवी कोरडी.

"काय लागलं?" साडूंनी झोपाळ्यावरून विचारलं.

"आज पाण्याला जोर नव्हता," ती म्हणाली. "उद्या बघते."

ती आंघोळीला गेल्यावर मी डबा उघडला. सुंगटं दहाच्या दहा होती. मी ती मुकाट्याने परत मटारच्या मागे ठेवली.