इंटेल अडखळली ती चार नॅनोमीटरवर

चिप बनवणारी इंटेल मागे का पडली, असा विषय निघाला की दोन उत्तरं तयार असतात. एक, 'कंपनी सुस्तावली'. दुसरं, 'मोबाइलची गाडी चुकली'. पहिलं मला अजिबात पटत नाही. दुसरं खरं आहे, पण मोबाइल हुकल्याने चिपचा कारखाना कसा मागे पडतो, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुस्तावलेली कंपनी १० नॅनोमीटरसारखा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जुगार खेळेल कशाला? २०१४ मध्ये इंटेलच्या १४ नॅनोमीटरच्या चिप बाजारात आल्या, तेव्हा दाटीवाटीने ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढच्या, म्हणजे १० नॅनोमीटरच्या पिढीत तेवढ्याच जागेत २.७ पट ट्रान्झिस्टर बसवायचं ठरलं. एरवी एका पिढीत दुप्पट झाले तरी लोक खूश असतात.

घोडं अडलं प्रकाशापाशी. सिलिकॉनच्या वेफरवर (चिप जिच्यावर घडवतात ती चकती) नक्षी उमटवायला तेव्हा १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरत. त्याने एका फटक्यात साधारण ८० नॅनोमीटर अंतरावरच्या रेघा छापता येतात, त्याहून जवळ नाही. मग एक युक्ती करतात. छापलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना पातळ थर चढवायचा आणि मधली मूळ रेघ काढून टाकायची. एकीच्या जागी दोन उरतात, अंतर निम्मं होतं. म्हणजे ४० पर्यंत एकदाच हा खटाटोप करून भागतं. चिपमधल्या तारा या रेघांतूनच घडतात. दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीने आपल्या '७ नॅनोमीटर'मध्ये सगळ्यात दाट तारांचं अंतर ४० वरच थांबवलं. इंटेलने ३६ धरलं. (७ आणि १० ही आता नुसती नावं आहेत. टीएसएमसीचं ७ आणि इंटेलचं १० जवळपास सारखंच दाट.)

फरक चार नॅनोमीटरचा, पण ४० च्या खाली उतरल्यामुळे तोच खटाटोप दोनदा करणं आलं. प्रत्येक फेरीत थर चढवा, कोरा, धुवा. शिवाय नको तिथे रेघ तोडायला वेगळे मास्क (नक्षीचे साचे), आणि ते सगळे एकमेकांवर अगदी काटेकोर बसायला हवेत. एखादा जरासा सरकला की तार अर्धवट कापली जाते, नाहीतर शेजारच्या तारेला चिकटते. याच पिढीत सगळ्यात खालच्या दोन थरांत तांब्याच्या जागी कोबाल्ट आणला, आणि गेटची (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) जोडणी ट्रान्झिस्टरच्या बाजूला न देता थेट त्याच्या डोक्यावर दिली. एवढं सगळं एकदम बदललं आणि यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण, पडलं, तर दोष कशाचा हे शोधायचं तरी कसं? १० नॅनोमीटरच्या चिप आधी २०१६ मध्ये येणार म्हणत होते. २०१८ च्या मे महिन्यात कशीबशी एक चिप निघाली, दोन कोअरची (कोअर म्हणजे चिपमधला आकडेमोड करणारा भाग), तीही ग्राफिक्स बंद ठेवून. खऱ्या अर्थाने माल आला तो २०१९ मध्ये.

आता मोबाइल. समजा वेफरवर दर चौरस सेंटीमीटरला सरासरी अर्धा दोष आहे. फोनची चिप साधारण १ चौरस सेंटीमीटरची असते, तिचे ६१ टक्के नग चांगले निघतात. सर्व्हरची मोठी, ७ चौरस सेंटीमीटरची चिप घेतली तर फक्त ३ टक्के. म्हणजे तंत्र कच्चं असतानाही फोनवाल्याला ते परवडतं, आणि त्याच्या कोट्यवधी नगांवर कारखान्याचा हात बसत जातो. लॅपटॉपच्या छोट्या चिप इंटेलकडेही होत्या, पण फोनइतका खप कुठून आणणार?

तो खप दारात येऊन परत गेला. पहिल्या आयफोनच्या वेळी ॲपल देत असलेला भाव इंटेलच्या अंदाजे खर्चाच्याही खाली होता. तो खर्चाचा अंदाज चुकीचा निघाला आणि खप कल्पनेच्या शंभर पट झाला, हे तेव्हाचे सीईओ पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये स्वतःच सांगितलं. आयफोनच्या चिपचं काम आधी सॅमसंगकडे, २०१४ पासून टीएसएमसीकडे गेलं. फोनच्या प्रोसेसरचा स्वतःचा धंदाही इंटेलने २००६ मध्ये मार्व्हेलला ६० कोटी डॉलरला विकून टाकला. साठ टक्क्यांहून जास्त ढोबळ नफ्याची सवय लागलेल्या हिशेबनिसाला स्वस्त चिप म्हणजे टक्का खाली ओढणारी ब्यादच वाटणार! त्या हिशेबात कारखान्याच्या शिकण्याचा रकाना नव्हता, आणि माझ्या मते खरी चूक ती.

दुसरं दुखणं आतलं. इंटेलचे आराखडे आपल्याच कारखान्याच्या मापाने शिवलेले. १० अडलं तसे त्यावर बेतलेले नवे कोअरही अडले. शेवटी २०२१ मध्ये डेस्कटॉपसाठी ते पुन्हा १४ वर उतरवले, तर इतके फुगले की आदल्या वर्षीच्या सगळ्यात वरच्या आय-नाइन चिपमध्ये १० कोअर होते तिथे ८ च मावले. इंटेलची स्पर्धक एएमडीने तोवर स्वतःच्या चिप कारखान्यांवर पाणी सोडलेलं होतं. ती २०१९ मध्ये सरळ टीएसएमसीच्या ७ वर गेली.

आणि १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरणारी ईयूव्ही यंत्रं, ज्यांनी हा दुहेरी खटाटोप बराच वाचतो? ती बनवणाऱ्या डच एएसएमएलमध्ये २०१२ साली चिप कंपन्यांपैकी सगळ्यात जास्त पैसा इंटेलनेच घातला होता, सुमारे ४.१ अब्ज डॉलर. टीएसएमसीने त्या यंत्रांवर २०१९ मध्ये उत्पादन सुरू केलं. इंटेलची त्यांवरची पहिली लॅपटॉप चिप २०२३ च्या डिसेंबरात आली. पुढच्याच वर्षीच्या लुनर लेक या लॅपटॉप चिपमध्ये प्रोसेसरचा मुख्य तुकडा इंटेलने टीएसएमसीकडून करून घेतला, आणि जपलेल्या नफ्याच्या टक्क्यातला वाटा आता तिकडे जातो.