डॉक्टरांच्या पदव्या तपासण्याचा खर्च खरोखर वाया जातो का?

‘डॉक्टरांच्या पदव्या पुन्हा तपासण्याच्या नावाखाली जनतेचे कोट्यवधी रुपये पाण्यात’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो माझ्या काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ‘अगदी बरोबर’ असेही लिहिले. काका निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या शब्दावर गावातले लोक विश्वास ठेवतात. मी एका रुग्णालयाच्या आस्थापना विभागात डॉक्टरांच्या नेमणुकांची कागदपत्रे पाहते. त्यामुळे या मजकुराला उत्तर देणे मला भाग आहे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या राज्य वैद्यक परिषदेने पदवी एकदा तपासलेली असताना राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीसाठी, म्हणजे देशभरातील नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकत्रित यादीसाठी, तीच तपासणी पुन्हा करणे म्हणजे दुहेरी खर्च आहे. बोगस डॉक्टर पकडणे हे पोलिसांचे काम आहे. सगळीकडे एकच कडक पद्धत लादली तर खेड्यांतले डॉक्टर संपतील आणि ‘काहीच नसण्यापेक्षा जो आहे तो बरा’. शिवाय या नोंदवहीसाठी डॉक्टरांकडे आधारची माहिती मागणे धोक्याचे आहे.

‘एकदा तपासलेली’ या शब्दांवरच माझा पहिला आक्षेप आहे. वर्षानुवर्षे तपासणी म्हणजे झेरॉक्स घेणे, ती मूळ कागदाशी ताडून पाहणे आणि ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून सही करणे. या शिक्क्याने प्रत मूळ कागदाबरहुकूम आहे एवढेच सिद्ध होते; मूळ कागद खरा आहे की नाही, हे ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्यालाच विचारावे लागते. तसे न विचारल्यास काय होते, याचा दाखला डिसेंबर 2022 मध्ये सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात आहे. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या 73 जणांनी, भारतात सक्तीची असलेली एफएमजीई ही चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होताच, वेगवेगळ्या राज्य वैद्यक परिषदांकडे नोंदणी मिळवली असा तो आरोप आहे, आणि त्यात 14 राज्य परिषदांची नावे आहेत. परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे निकालाची यादी असतेच. त्या यादीशी नाव ताडून पाहण्याची एकच सक्तीची पद्धत सर्व राज्यांत असती, तर हे प्रकरण सीबीआयपर्यंत पोहोचलेच नसते. महाराष्ट्रातही 2018 मध्ये बनावट पदव्युत्तर प्रमाणपत्रे जोडल्याबद्दल राज्य परिषदेने 50हून अधिक डॉक्टरांच्या नोंदण्या निलंबित केल्या होत्या.

दुहेरी खर्च म्हणाल तर तो आजच होत आहे. एकच भूलतज्ज्ञ तीन रुग्णालयांत जात असेल, तर तिन्ही रुग्णालये त्याच पदवीसाठी विद्यापीठाला स्वतंत्र पत्र लिहितात, शुल्क भरतात आणि महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतात. किंवा, बहुतेक लहान रुग्णालयांप्रमाणे, काहीच विचारत नाहीत. राष्ट्रीय नोंदवहीत अर्ज राज्य परिषदेकडून संबंधित महाविद्यालयाकडे जातो आणि पडताळणीनंतर डॉक्टरला एकच क्रमांक मिळतो. हाच डॉक्टर दुबईला निघाला की डेटाफ्लो या संस्थेकडून होणाऱ्या अशाच पडताळणीचे पैसे स्वतःच्या खिशातून निमूटपणे भरतो. दुबईच्या रुग्णाला जी खात्री मिळते ती परभणीच्या रुग्णाने मागितली की तेवढी ती उधळपट्टी कशी ठरते?

न तपासण्याचा खर्च पाहायचा तर ब्रिटनमधील झोलिया अलेमी हिचे प्रकरण पाहावे. 1995 मध्ये ऑकलंड विद्यापीठाची बनावट पदवी दाखवून तिने ब्रिटनमध्ये नोंदणी मिळवली आणि दोन दशकांहून अधिक काळ मानसोपचारतज्ज्ञ म्हणून सरकारी आरोग्यसेवेत काम केले. तिला पगारापोटी 10 लाख पौंडांहून अधिक सार्वजनिक पैसा मिळाला. 2018 मध्ये हे उघड झाल्यावर, तिच्याप्रमाणेच राष्ट्रकुल देशांतील पदवीधरांसाठी असलेल्या सवलतीच्या मार्गाने आलेल्या सुमारे 3000 डॉक्टरांची कागदपत्रे तिथल्या वैद्यक परिषदेला नव्याने तपासावी लागली. 2023 मध्ये तिला सात वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीलाच विद्यापीठाकडे थेट चौकशी केली असती, तर यातले काहीच करावे लागले नसते.

आता ‘काहीच नसण्यापेक्षा बरा’ हा मुद्दा. संपूर्ण मजकुरात सर्वांत घातक हाच आहे आणि काकांना तोच पटला याचे मला अधिक वाईट वाटते. 2018 मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ परिसरात, 40हून अधिक लोकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आढळले. सायकलवरून गावोगाव फिरून दहा रुपयांत इंजेक्शन देणारा आणि तीच सुई पुन्हा वापरणारा एक तोतया डॉक्टर याला कारणीभूत असल्याचे आरोग्य विभागाने सांगितले. या प्रत्येक रुग्णाला आता जन्मभर औषधे घ्यावी लागणार, आणि ती सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, म्हणजे जनतेच्याच पैशातून. दहा रुपयांच्या त्या इंजेक्शनची किंमत आपण सगळे पुढची अनेक वर्षे भरणार आहोत, आणि त्या घरांवर जे ओढवले त्याची तर भरपाईच नाही. खेड्यात डॉक्टर कमी आहेत हे दुःख खरे आहे. परंतु पदवी तपासल्याने पदवीधर डॉक्टर गाव सोडत नाही, कारण त्याचा कागद खराच असतो.

पोलिसांचा मुद्दा लवकर संपतो. समोरचा माणूस नोंदणीकृत आहे की नाही, हे पोलिसांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना नोंदवहीतूनच कळते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने 2025 मध्ये आणलेली क्यूआर कोडची सोयही परिषदेच्या दप्तरात जे आहे तेच दाखवते. दप्तरच न तपासलेले असेल तर कोड स्कॅन करून काय मिळणार? आधारबाबतची काळजी मात्र अगदीच निराधार नाही. त्या माहितीच्या सुरक्षेची हमी ही नोंदवही ठेवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने द्यायलाच हवी, पण लोकांना दिसतो तो डॉक्टरांच्या माहितीचा मर्यादित भाग.

एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झालेल्या या राष्ट्रीय नोंदवहीत, देशात 13 लाखांहून अधिक नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर असताना, पहिल्या वर्षभरात फार थोडे अर्ज मंजूर झाले. अर्ज महाविद्यालयांकडे आणि राज्य परिषदांकडे रेंगाळतात, कारण तिथे हे काम करायला पुरेशी माणसे नाहीत. तेव्हा पैसा मागायचाच असेल तर या माणसांसाठी मागावा आणि महाविद्यालयांनी किती दिवसांत उत्तर द्यायचे याची मुदत नियमात लिहून घ्यावी. काकांना मी हेच कळवले आहे, आणि तो मजकूर ग्रुपवरून काढून टाकण्याची विनंतीही केली आहे.