मृत, तरीही चालणारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय बंधू,

ख्रिस्तात सलाम.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे हा आपल्या प्रश्नांचा अनादर ठरला असता, म्हणून हे स्वतंत्र उत्तर लिहीत आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या लेखात मी पापी मनुष्याची तुलना घाटावर आणलेल्या प्रेताशी केली होती. प्रेताला जशी हाकेला ओ देता येत नाही तशी पापी मनुष्याला देवाच्या हाकेला ओ देता येत नाही, आणि म्हणून तारणाचा आरंभ देवाने केलेल्या निवडीतच आहे, असे मी म्हटले होते. त्यावर आपण लिहिले आहे की मुडद्यावर कोणी फिर्याद करत नाही, तेव्हा मनुष्य जर खरोखरच मृत असेल तर त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून देवाने त्याच्यावर रागावणे हा उघड अन्याय आहे. पुढे आपण म्हणता की देवाच्या क्रोधाची शिकवण सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी फुगवलेली असून ती प्रेमस्वरूप देवाला शोभत नाही, आणि जगाच्या स्थापनेपूर्वी काहींची निवड झाली असेल तर उरलेल्यांचा नाशही तेव्हाच ठरून गेला. शेवटी आपण आपल्या आजींविषयी लिहिले आहे. त्या परिच्छेदाचे उत्तर मी घाईने देणार नाही.

पहिल्या मुद्द्यावर आपले म्हणणे मला मान्य आहे. प्रेताचा दाखला मी जितका ताणला तितका ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ताणलेला नाही. त्याची वाक्ये पुन्हा सावकाश वाचली तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. तुम्ही अपराधांमुळे व पापांमुळे मृत होता असे म्हणून तो थांबत नाही. लगेच पुढच्याच वचनात, त्या पापांत तुम्ही पूर्वी चालत होता, असे तो म्हणतो. हा मृत मनुष्य चालतो, इच्छा करतो, कोणाच्या तरी आज्ञेत राहतो. एदेनातही तसेच घडले. ज्या दिवशी फळ खाशील त्या दिवशी मरशील असे सांगितले होते, आणि त्या दिवशी आदाम झाडांआड लपला. देवाची 'तू कोठे आहेस?' ही हाक त्याला ऐकू आली आणि त्याने उत्तरही दिले. त्याने फक्त एक गोष्ट केली नाही, ती म्हणजे आपण होऊन बाहेर येणे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात बाप आपल्या धाकट्या मुलाविषयी 'हा मेला होता' असे दोनदा म्हणतो, आणि तो मेलेला मुलगा तर दूर देशी पैसे उधळत होता, डुकरे चारत होता, भुकेने व्याकूळ होऊन घरची भाकर आठवत होता. पवित्र शास्त्रातील हा मृत्यू म्हणजे बापाच्या घरापासून तुटणे आणि तुटलेलेच राहू पाहणे होय.

त्यामुळे मृत मनुष्य दोषी कसा, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला योहानकृत शुभवर्तमानातील दोन वाक्यांत सापडते, आणि ती एकमेकांपासून एका अध्यायाच्याच अंतरावर आहेत. पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की जीवन मिळावे म्हणून माझ्याकडे येण्याची तुमची इच्छा नाही. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही. मनुष्याच्या पायांत कोणी बेड्या ठोकलेल्या नाहीत, त्याची इच्छाच पाठ फिरवून उभी आहे. दोष त्या पाठ फिरवण्यात आहे. आणि ती पाठ वळवणे मात्र त्याच्या हातचे नाही, कारण ज्या इच्छेने वळायचे तीच बिघडलेली आहे. लाजराला कबरेतून बाहेर बोलावणारी हाक त्याला जीवनही देत होती, हा माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. प्रेताच्या दाखल्याने मनुष्याची जबाबदारी झाकली गेली, एवढी माझी चूक झाली, आणि ती आपण दाखवून दिलीत याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपण मेथडिस्ट घरात वाढलात असे लिहिले आहे, म्हणून इतिहासातील एक गोष्ट येथेच नमूद करतो. मनुष्य स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो, ही शिकवण कॅल्विनच्या मताला विरोध करणारा डच धर्मशास्त्री आर्मिनियस याच्या अनुयायांचीही नव्हती. त्यांनी १६१० साली मांडलेल्या पाच कलमांपैकी तिसऱ्या कलमात, पवित्र आत्म्याने नवा जन्म दिल्याशिवाय मनुष्याकडून खरे चांगले काही होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. या बाबतीत वाद पेटला तो चौथ्या कलमावरून: त्या कृपेचा प्रतिकार करता येतो की नाही? हॉलंडमधील डॉर्ट येथील १६१८-१९ च्या धर्मसभेने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला, आणि पुढच्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने कृपा सर्वांना आधीच दिलेली असते असे शिकवून तोच प्रश्न नव्याने उभा केला. पण मनुष्य मृत आहे की नाही, यावर या दोन पक्षांत भांडण नव्हते. आपले आणि माझे अंतरही त्यामुळे आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे.

आता क्रोधाविषयी. येथे मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही, आणि या मुद्द्यावर मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते.

ही शिकवण कॅल्विनच्या अनुयायांची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. वेस्लीने १७४३ साली आपल्या मंडळ्यांसाठी जे नियम छापले, त्यांत प्रवेश मागणाऱ्यासाठी एकच अट होती: येणाऱ्या क्रोधापासून पळून जाण्याची आणि पापांतून तारण पावण्याची इच्छा. हे शब्द बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या उपदेशातून आलेले आहेत. म्हणजे आपण ज्या घराण्यात वाढलात त्याच्या उंबरठ्यावरच हा शब्द कोरलेला आहे.

तरीही आपल्याला तो शब्द बोचतो यात नवल नाही, कारण आपण मराठीत वाचतो. मराठी माणसाच्या कानाला 'क्रोध' हा षड्रिपूंपैकी एक आहे. काम आणि लोभ यांच्या मध्ये तो बसतो, आणि साधुसंतांनी तो जिंकायचा असतो. 'कोप' म्हणावे तर देवीचा कोप आठवतो, साथ आठवते, बोकड आणि नवस आठवतात, म्हणजे शांत करावी लागणारी एक लहरी शक्ती. असे दोन शब्द हाताशी असताना मराठी ख्रिस्ती वाचकाच्या मनात देवाविषयी चुकीचे चित्र उभे राहिले, तर दोष त्याचा नाही. मला पौलाच्या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द वाटतो तो 'सात्त्विक संताप'. आपल्या भाषेने हा शब्द घडवला, याचाच अर्थ सगळा संताप विकार नसतो हे तिला ठाऊक आहे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ती बातमी आपल्या नागपुरात पोहोचली तेव्हाचे दिवस आपणही विसरला नसाल. त्या दिवसांत एखादा मनुष्य सगळे ऐकून घेऊनही शांत राहिला असता, त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नसती, तर आपण त्याला प्रेमळ म्हटले असते का? त्या कुटुंबावर ज्याचे प्रेम होते त्याचाच जीव जळला. ज्या देवाने त्या चौघांना आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, त्याला त्या रात्री काहीच वाटले नाही असे मी मानू लागलो, तर त्याच्या प्रेमाविषयी बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरणार नाही. देवाच्या प्रेमावर आपला जितका विश्वास आहे तितकाच त्याच्या क्रोधावरही ठेवावा, असे मी आपल्याला कळकळीने सांगतो.

अडचण होते ती पौल आपल्याला इथेच थांबू देत नाही म्हणून. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तो मूर्तिपूजकांची पापे मोजतो आणि वाचणारा मान डोलावू लागतो. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो त्या मान डोलावणाऱ्याकडे वळून म्हणतो की दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या मनुष्या, तूही तेच करतोस. ज्या संतापाला आपण दुसऱ्याच्या बाबतीत न्याय म्हणतो, त्याच्याच कक्षेत आपणही उभे आहोत, हे ऐकणे कोणालाही जड जाते. आणि तो क्रोध प्रकट कसा होतो, तर आकाशातून वीज पडून नव्हे. देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केले, हे वाक्य पहिल्या अध्यायात तीन वेळा येते. जे मागितले तेच हाती पडणे, हे त्या क्रोधाचे पहिले रूप आहे. यावरून नव्या कराराचे ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३२ साली असे मांडले की हा क्रोध म्हणजे पापाचे आपोआप येणारे फळ, त्यात देवाच्या भावनेचा प्रश्न नाही. मला ते पटत नाही, कारण त्या तिन्ही ठिकाणी वाक्याचा कर्ता देव आहे.

आपण लिहिता की क्रूसाची शिकवण ऐकताना आपल्याला रागावलेला बाप आणि मध्ये पडलेला मुलगा दिसतो. मीही तरुणपणी एका संजीवन सभेत असेच ऐकले होते: बापाने काठी उगारली आणि मुलाने आपली पाठ पुढे केली. तो दाखला चुकीचा आहे आणि त्याने पुष्कळांचे नुकसान केले आहे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या रक्ताविषयी जे वचन आहे, त्यात मराठी बायबलात 'प्रायश्चित्त' हा शब्द आहे, आणि प्रायश्चित्त आपल्याकडे अपराध्याने घ्यायचे असते. पौल मात्र म्हणतो की ते देवानेच पुढे ठेवले. ज्याचा क्रोध, त्याचेच प्रायश्चित्त. पुत्राने बापाचे मन वळवले असे तो कोठेही म्हणत नाही. पाचव्या अध्यायात तर तो सांगतो की आपण पापी असताना ख्रिस्त मेला, यातून देव आपले स्वतःचे प्रेम दाखवतो.

निवडीविषयी मी त्या मानाने थोडे लिहितो. आपल्या प्रतिक्रियेतील निवड मला सटवाईने पाचव्या रात्री कपाळावर लिहिलेल्या लेखासारखी वाटली: एकाच्या कपाळी स्वर्ग, दुसऱ्याच्या कपाळी नरक, आणि मध्ये मनुष्याने काय केले याला किंमत नाही. असे शिकवणारे निघाले, पण मंडळीने त्यांना रोखले. फ्रान्समधील ऑरेंज येथील ५२९ सालच्या धर्मसभेने, देवाच्या सामर्थ्याने काही जण वाईटासाठी नेमले गेले आहेत असे मानणाऱ्यांचा धिक्कार केला. निवड हे जसे विश्वासाचे मूळ आहे तसेच त्याग, म्हणजे देवाने काहींना न निवडता वगळणे, हे अविश्वासाचे कारण आहे, हे म्हणणे डॉर्टच्या सभेनेही आपल्या समारोपात नाकारले. शास्त्रात निवड नेहमी मागे वळून, उपकार मानताना बोलली जाते. तुम्ही संख्येने मोठे म्हणून निवडले नाही, असे अनुवाद या पुस्तकात इस्राएलाला सांगितले आहे; आणि अब्राहामाची निवड झाली ती पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून. एसावाचे नाव आपण घेतले आहे, तर उत्पत्तीचा तेहतिसावा अध्यायही वाचावा ही विनंती. तेथे निवडलेला याकोब लंगडत येतो, न निवडलेला एसाव धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि याकोब म्हणतो की तुझे मुख पाहणे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे.

मग सुवार्ता सांगायची कशाला, असे आपण विचारता. करिंथात पौल भ्यालेला असताना प्रभूने त्याला सांगितले की बोलत राहा, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते लोक तोवर विश्वासात आलेले नव्हते. याच भरवशावर, निवडीची शिकवण मांडणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीला बांधलेल्या, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडेपर्यंत याच मातीत राबले. पुढे १८९२ साली त्याच फ्री चर्चने जाहीर केले की मनुष्याच्या स्वतःच्या पापाचा विचार न करता त्याला मरणासाठी नेमले जाते, असे आपण शिकवत नाही आणि ती कबुलीही तसे शिकवते असे आपण मानत नाही. १९७० च्या २९ नोव्हेंबरला याच शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचे लोक एका मंडळीत आले. हा वाद मिटवून ते आले नव्हते.

आता आपल्या आजींविषयी. त्या रामटेकला वारल्या, त्यांना कोणी कधी सुवार्ता सांगितली नाही, आणि माझा लेख वाचल्यावर 'म्हणजे ती निवडलेली नव्हती' असे आपल्या मनात आले, असे आपण लिहिले आहे. ते वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही, कारण तारण ख्रिस्ताशिवाय आहे असे मी मानत नाही. पण जे मी लिहिले त्यातून आपण काढलेला निष्कर्ष काढण्याचा अधिकार मला नाही, आपल्याला नाही, कोणत्याही पाळकाला नाही. डॉर्ट असो वा वेस्टमिन्स्टर, त्यागलेल्यांच्या यादीत एकाही मनुष्याचे नाव कोणी लिहिलेले नाही. तारण होणारे थोडेच आहेत काय, असे एकाने येशूला विचारले तेव्हा त्याने संख्या सांगितली नाही. अरुंद दरवाजाने आत जाण्याचा नेटाने यत्न करा, असे त्याने विचारणाऱ्यालाच सांगितले. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहामाने विचारले होते की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, आणि आजींविषयी मी याच प्रश्नाचा आधार घेतो. ज्या पौलाने रोमकरांस पत्रात निवडीवर नववा अध्याय लिहिला, त्यानेच त्याच्या आरंभी लिहिले की माझ्या भाऊबंदांसाठी माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे. आपली वेदना निवडीच्या शिकवणीविरुद्ध नाही. ती पौलाच्या शेजारी बसणारी आहे.

मूळ लेखातील प्रेताचा परिच्छेद मी आज काढून टाकला असून त्या जागी आदामाच्या लपण्याविषयी लिहिले आहे, आणि हा बदल आपल्या आक्षेपामुळे केला अशी नोंदही खाली जोडली आहे. कृपेचा प्रतिकार करता येतो की नाही, हा आपल्या दोघांमधील खरा प्रश्न या उत्तरात मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण प्रेषितांच्या कृत्यांतील स्तेफनाच्या भाषणाचा, तुम्ही सर्वदा पवित्र आत्म्याला विरोध करता या वचनाचा, नीट विचार केल्याशिवाय त्यावर लिहिणे योग्य होणार नाही. त्या वचनाविषयी आपले म्हणणे आपण आधी लिहून पाठवावे, अशी माझी विनंती आहे.